आटे ओढतात, खांदा थांबवतो: रायफलची नवी नळी आणि तिच्या तोंडावरचा ब्रेक

रायफलची नळी झिजली की बदलता येते, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ती बदलतात कशी, याबद्दल मात्र एक सरसकट समज आहे: जुनी नळी उलटी फिरवून काढायची, नवी सुलटी फिरवून गच्च आवळायची, झालं काम. बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेत ज्यांची हयात लेथवर गेली, त्यांनाही पहिल्यांदा असंच वाटतं, कारण आटे पाडणं हा त्यांच्या हातचा मळ. पण नळी किती घट्ट बसली हा प्रश्न नंतरचा. ती नेमकी कुठे येऊन थांबली, यावर सगळं ठरतं.

आट्यांचं काम ओढण्याचं असतं. थांबवण्याचं काम खांद्याचं, म्हणजे आटे संपतात तिथे नळीचा व्यास एकदम वाढून जी सपाट पायरी तयार होते तिचं. नळीच्या मागच्या टोकाला हा खांदा काडतूस किती खोल बसणार ते ठरवतो. पुढच्या टोकाला तसाच एक खांदा तोंडावरचा मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा पोलादी तुकडा, कोणत्या कोनात उभा राहणार ते ठरवतो. मागे अंतराचा हिशेब, पुढे कोनाचा. हे एवढं नीट कळलं की बाकीची सगळी कटकट आपोआप उलगडते.

त्याआधी कायद्याचं सांगितलं पाहिजे, कारण बेळगाव आणि आसपास लेथ गल्लोगल्ली आहेत आणि "आपल्याच ओळखीतल्या पोराकडून करून घेऊ" हा विचार चटकन येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं आणि विकणं यासाठी तर परवाना लागतोच, पण दुरुस्त करणं, तिच्यात फेरफार करणं आणि तिची चाचणी घेणं यासाठीही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा आपला परवाना या कामाला चालत नाही. नळी आखूड करण्याबद्दल कलम ६ स्वतंत्रपणे आहे. बंदुकीवरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि काही बंदुकांवर तो नंबर नळीवरच असतो. तेव्हा नळी बदलायचा विचार आला की पहिली चक्कर परवाना देणाऱ्या कचेरीकडे, दुसरी परवानाधारक कारागिराकडे. पुढचं सगळं समजून घ्यायचं ते त्या कारागिराला योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून, आणि ज्याला यंत्रातलं गम्य आहे त्याला हे मुळातच जाणून घ्यावंसं वाटतं म्हणून.

आपल्या भागात प्रश्न कोणाला पडतो

खानापूर तालुक्यात जंगलाकडेच्या शेतकऱ्यांकडे पिकाच्या राखणीसाठी ज्या परवान्याच्या बंदुका आहेत, त्या बहुतेक बारा बोअरच्या, एक नळी नाहीतर दोन नळी. त्या मधोमध मोडून उघडतात. नळी आट्यांवर नसून आकड्यावर आणि खिट्टीवर बसते. त्यामुळे या लेखातला पहिला प्रश्न, नळीच्या अंतराचा, त्यांना लागू नाही, आणि दुसऱ्याची, ब्रेकच्या कोनाची, त्यांना गरजच पडत नाही.

प्रश्न पडतो तो रायफलवाल्यांना. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या रायफली मोजक्या, मुख्यतः .२२, ईशापूरच्या कारखान्याची .३१५, आणि .३०-०६. फौजेत वापरली जाणारी ७.६२ किंवा ५.५६ ही सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे, आणि चिकोडी, निपाणी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात फौजेत जाऊन आलेलं माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. या माणसांनी नळ्या हाताळलेल्या असतात, आर्मररला, म्हणजे फौजेतल्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, काम करताना पाहिलेलं असतं. पण आर्मरर ते मापाचं गेज आत घालून नक्की काय बघतो, हे विचारायची तिथे सवड नसते.

नेमबाजी शिकणारी पोरंही आता वाढली आहेत. तेजस्विनी सावंतांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिकचं कांस्य आणलं. कोल्हापूर आपल्याला शेजारचंच. तिथल्या यशाने निपाणी-संकेश्वरकडच्या घरांतही रायफलचं बोलणं सुरू होतं, आणि त्या बोलण्यात नळीचा विषय आलाच पाहिजे, कारण रायफलचा नेम नळीत असतो.

नळी झिजते म्हणजे काय होतं

लोकांना वाटतं गोळी घासून नळी झिजते. थोडी झिजतेही, पण खरं नुकसान आगीने होतं. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढे, गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा सुरू होतात तिथे, जळत्या पावडरचा सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसचा वायू लागतो. तो लागतो मिलिसेकंदभरच, पण प्रत्येक बाराला लागतो. त्या उष्णतेने पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उठतं, कडा झडतात, आणि गोळी खाचांत शिरताना सरळ न शिरता किंचित वाकडी शिरते. .३०८ (फौजेच्या ७.६२ चा नागरी भाऊबंद) सारख्या काडतुसाची नळी साधारण पाच हजार बारांपर्यंत चांगला नेम देते असं मानतात. जास्त पावडर आणि अरुंद नळी असेल तर आयुष्य त्याच्या निम्म्यावर येतं. .२२ ची नळी मात्र वर्षानुवर्षं चालते, तिच्यात दाबही कमी आणि पावडरही चिमूटभर.

आपल्याकडे दुसरं कारण जास्त खरं ठरतं, ते गंजाचं. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या ज्या टोप्या असतात, त्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, आणि मिठासारखा हवेतली ओल ओढून घेतो. अशा काडतुसांनी उडवलेली नळी दोन दिवस न पुसता ठेवली तर पावसाळ्यात आत खड्डे पडतात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. जमा करण्यापूर्वी नळी आतून कोरडी करून तेलाचा हात फिरवणं, एवढ्या एका सवयीने कितीतरी नळ्या वाचतील. तोंडाकडून सफाईची सळई घालणारेही नळीचं तोंड घासून खराब करतात. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, काढता येत असेल तर सळई नेहमी मागून घालावी.

जुनी नळी काढायच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती वर्षानुवर्षं बसलेली असते, कारखान्यातच जबर आवळलेली असते, आणि बॉडी, म्हणजे जिच्यात बोल्ट चालतो तो भाग, पीळ बसून वाकडी होण्याची भीती असते. म्हणून नळी अलगद पण घट्ट धरणारा खास व्हाइस आणि बॉडीच्या आतल्या आकाराला बसणारा पाना, या दोन गोष्टी नसतील तर चांगल्या कारागिराने काम घेऊ नये. हातोड्याने ठोकून नळी सैल करणाऱ्याकडे बंदूक देऊ नका.

हेडस्पेस: एक दशांश मिलिमीटरची खिडकी

आता मुख्य गोष्ट. काडतूस चेंबरमध्ये गेलं, मागून बोल्ट बंद झाला. काडतुसाला पुढे कोणीतरी अडवलं पाहिजे, नाहीतर ते पुढेच सरकत राहील. त्या अडवणाऱ्या जागेपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस.

अडवणारी जागा काडतुसाप्रमाणे बदलते. .३१५ किंवा जुन्या .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ती कडच चेंबरच्या काठावर टेकते. .३०-०६ आणि .३०८ ला अशी बाहेर आलेली कड नाही. त्यांची बाटलीसारखी मान जिथे निमुळती होते, तो उतारच चेंबरच्या उतारावर टेकतो. त्यामुळे पहिल्या प्रकारात कडेची जाडी मोजायची, दुसऱ्यात उतारावरच्या एका ठरलेल्या वर्तुळापासून मोजायचं.

मोजायला पट्टी किंवा व्हर्नियर चालत नाही. कठीण केलेल्या पोलादाचे दोन गेज असतात. एक 'गो': तो आत घालून बोल्ट बंद झाला पाहिजे. दुसरा 'नो-गो': तो घातल्यावर बोल्ट बंद होता कामा नये. .३०८ साठी गो गेज ४१.४० मिलिमीटरचा आणि नो-गो ४१.५० मिलिमीटरचा. या दोहोंत फक्त ०.१ मिलिमीटरचं अंतर आहे, आणि नळीने येऊन थांबायचं ते या खिडकीत. पुष्कळ रायफलींत नळीचे आटे इंचाला १६ असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नळी जवळजवळ १.५९ मिलिमीटर आत जाते. तर मग ०.१ मिलिमीटर म्हणजे किती फिरवणं? सुमारे तेवीस अंश, घड्याळाचा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो त्याहून कमी. "अजून थोडं आवळू काय?" या कारखान्यातल्या नेहमीच्या प्रश्नाला इथे जागा नाही. खांदा टेकला की नळी थांबली. पुढचं आवळणं तिला हलू न देण्यासाठी असतं, जागेवर आणण्यासाठी नाही.

ही खिडकी इतकी अरुंद का? दाब बघा. .३०८ च्या काडतुसात कमाल दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पटींपर्यंत जातो. काडतुसाचं पितळी कवच हा दाब स्वतःच्या जिवावर पेलत नाही. ते फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि मागे बोल्टला टेकतं. दाब खरा झेलतात पोलादाची भिंत आणि बोल्ट. कवचाची पुढची बाजू पातळ असते, ती आधी फुगून भिंत धरते. बूड जाड असतं, ते मागे सरकतं. हेडस्पेस बरोबर असेल तर बुडाला सरकायला जागाच नसते. जास्त असेल तर पुढचा भाग भिंतीला चिकटलेला, बूड मागे जातंय, आणि मधलं पितळ ताणलं जातं. बुडाच्या जरा वर एक चकचकीत वलय दिसू लागतं, आणि एखाद्या दिवशी तिथूनच कवच तुटतं. तो वायू मग वाट मिळेल तिकडून बाहेर येतो, आणि नेमबाजाचा चेहरा तिथून एका वितीवर असतो.

हेडस्पेस कमी असेल तर निदान ते लगेच कळतं: बोल्ट बंदच होत नाही. पण रेटून बंद करणारेही असतात, म्हणून दोन्ही गेज लागतात.

नवी नळी बहुधा अशा अवस्थेत येते की चेंबर पूर्ण खोल केलेला नसतो, शेवटचा थोडासा भाग मुद्दाम ठेवलेला असतो. कारण प्रत्येक बॉडीत बोल्टचं तोंड जराजरा वेगळ्या ठिकाणी असतं. कारागीर नळी बसवून मोजतो. गो गेजवर बोल्ट बंद होत नसेल तर रीमरने, म्हणजे भोक तासायच्या हत्याराने, चेंबर किंचित खोल करतो. नो-गो वरही बोल्ट बंद होत असेल तर नळीचा खांदा लेथवर फेस करून, म्हणजे सपाट तासून, मागे घेतो, म्हणजे नळी तेवढी जास्त आत जाऊन बसेल. एकीकडे काढलं की अंतर वाढतं, दुसरीकडे काढलं की कमी होतं, आणि प्रत्येक वेळी गेज घालून पाहायचं. हे काम सावकाशीचं आहे. गेज घालण्याआधी चेंबर आणि बोल्टचं तोंड पुसणंही त्यातच आलं: एक बारीक बुरादा अडकला तरी माप खोटं येतं.

काही रायफलींत ही डोकेदुखी रचनेतच कमी केली आहे. अमेरिकी सॅव्हेज कंपनीच्या रायफलींत नळीवर एक मोठं नट असतं. गो गेज आत ठेवून नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नटाने जागेवर बांधायची. म्हणजे खांदा यंत्रावर कापायचा नाही, नटाच्या रूपाने सरकता ठेवायचा. अमेरिकी एआर-१५ जातीच्या रायफलीत बोल्ट अडकतो तो नळीच्याच मागच्या जोडभागात, त्यामुळे हेडस्पेस नळी तयार होतानाच ठरलेली असते. तरीही गेज घालून बघायचंच.

आपल्याकडच्या .३१५ ची बॉडी ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली, आणि तिच्यात एक आणखी अट येते. ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जुन्या लष्करी रायफलींत पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, नळीवरच पक्की असते, आणि नळीच्या मागच्या टोकाला वर एक सपाट पट्टा असतो. नळी योग्य खोलीवर थांबली पाहिजे, आणि त्याच क्षणी माशी बरोबर बारा वाजताही आली पाहिजे. अंतर आणि कोन, दोन्ही एकाच खांद्याकडून. माशी नळीच्या अक्षापासून २५ मिलिमीटर उंच आणि नेम धरायच्या मागच्या खाचेपासून अर्धा मीटर पुढे असेल, तर नळी एका अंशाने जादा फिरली की माशी जवळजवळ ०.४४ मिलिमीटर बाजूला सरकते, आणि शंभर मीटरवर नेम सुमारे ९ सेंटिमीटर ढळतो. म्हणून आर्मरर नळी हाताने फिरवून बघतो की ती खुणेच्या काही अंश आधी अडते ना. उरलेले अंश पान्याने खेचायचे असतात, म्हणजे ताणही बसतो आणि खूणही जुळते. हाताने फिरवताना खूण ओलांडून गेली तर ती नळी त्या बॉडीची नव्हे.

तोंडावरचा ब्रेक

मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा, बाजूंना भोकं किंवा चिरा असलेला पोलादी तुकडा. खांद्याला बसणारा धक्का त्याने कमी होतो. कसा, हे आकड्यांत बघितलं की पटतं. .३०८ मध्ये गोळी सुमारे १० ग्रॅमची, आणि तिच्यामागे पावडर सुमारे ३ ग्रॅम. ती पावडर कुठे नाहीशी होत नाही, वायू होऊन तोंडातून बाहेर पडते, आणि गोळीहून पुष्कळ जास्त वेगाने. त्यामुळे एकूण धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायूचा असतो. गोळीच्या वाट्याच्या धक्क्याला ब्रेक काहीच करू शकत नाही. वायूला मात्र तो अडवतो, बाजूला वळवतो, आणि चिरा मागे झुकलेल्या असतील तर थोडा मागेही फेकतो. वायू ब्रेकच्या पुढच्या भिंतीवर आपटतो तेव्हा रायफल पुढे ओढली जाते. चांगला ब्रेक धक्का तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्यापर्यंत कमी करतो.

आता कोनाचा प्रश्न. चारी बाजूंना सारखी भोकं असतील तर ब्रेक कसाही थांबला तरी चालेल. पण बहुतेक ब्रेकना खाली भोकं नसतात, कारण जमिनीवर पालथं पडून नेम धरताना खालची धूळ उडाली तर पुढचं काही दिसत नाही. वर दोन-चार बारीक भोकं असतात, ती तोंड वर उसळू नये म्हणून. असा ब्रेक दहा-पंधरा अंश तिरका थांबला तर प्रत्येक बाराला तोंड एका बाजूला ढकललं जातं, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

घरात नवा नळ बसवणारा प्लंबर आठवा. नळ आट्यांवर फिरवत नेतो, आवळत आणतो, आणि तोंड भिंतीकडे असतानाच तो घट्ट होतो. मग तो काढतो, टेपचे दोन वेढे वाढवतो किंवा कमी करतो, आणि पुन्हा बसवतो, तोंड बरोबर खाली येईपर्यंत. ब्रेकची जुळवणी हाच प्रकार आहे. फरक इतकाच की टेप दबते आणि चूक पोटात घालते, पोलाद दबत नाही.

हिशेब असा. .३०८ च्या नळीच्या तोंडावर बहुधा ५/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे असतात. एका पूर्ण फेऱ्यात ब्रेक १.०६ मिलिमीटर पुढे सरकतो. समजा तो खांद्याला टेकला तेव्हा वरची भोकं बारा वाजता यायला अजून नव्वद अंश बाकी आहेत. मग ब्रेकच्या मागच्या कडेवरून पाव फेऱ्याएवढं, म्हणजे सुमारे ०.२६ मिलिमीटर काढलं की तो बरोबर येईल. काढायचं नसेल तर ०.७९ मिलिमीटर जाडीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, मध्ये घालून त्याला २७० अंश आधीच थांबवायचं, उत्तर तेच. एका अंशाला जेमतेम ३ मायक्रॉन. प्रत्यक्षात शेवटचे पंधरा-वीस अंश पान्याने खेचायला राखून ठेवतात, नाहीतर ब्रेक जागेवर येतो पण ताण बसत नाही, आणि काही बारांत सुटतो.

दबणारी चकती, जिला क्रश वॉशर म्हणतात, ती स्वस्त आणि सोयीची. ती मुरडत दबत जाते आणि हव्या त्या कोनाला थांबता येतं. पण ती सगळीकडे सारखी दबत नाही, त्यामुळे ब्रेक किंचित कलतो. आग झाकणाऱ्या साध्या उघड्या टोपीला ते चालतं. ब्रेकच्या बाबतीत मी क्रश वॉशर बसवू देणार नाही. कारण पुढे.

एकाच अक्षात

कोन जुळला तरी एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत धोक्याची. ब्रेकच्या शेवटच्या भिंतीतून गोळी जाते ते भोक गोळीपेक्षा फारच थोडं मोठं ठेवतात, जास्त मोठं केलं तर वायू तिथूनच निसटतो. ७.८२ मिलिमीटरच्या गोळीला साधारण ८.३ ते ८.४ मिलिमीटरचं भोक, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव मिलिमीटरच्या आसपास मोकळीक. ब्रेक ५० मिलिमीटर लांब असेल आणि खांदा अर्ध्या अंशाने वाकडा असेल, तर शेवटच्या भिंतीशी भोक ०.४४ मिलिमीटर बाजूला गेलेलं असतं. गोळी घासणार. घासली की नेम गेला, आणि जोरात लागली तर ब्रेकच फुटून उडतो.

ही चूक होते ती लेथवर. नळीचं भोक हे बाहेरच्या गोलाच्या बरोबर मध्ये असतं, असं आपण धरून चालतो. ते नसतं. ज्यांनी हायड्रॉलिक सिलिंडरचं लांब भोक पाडलं आहे त्यांना अनुभव आहे: ड्रिल जितका खोल जातो तितका तो भरकटतो. रायफलच्या नळीतही तेच होतं. आता एखाद्याने नळी बाहेरून तीन जबड्यांच्या चकमध्ये धरली आणि तोंडावर आटे पाडले, तर आटे बाहेरच्या गोलाशी अगदी बरोबर असतील, पण गोळी बाहेरच्या गोलातून जात नाही. म्हणून नळीच्या भोकात तंतोतंत बसणारी सळई घालायची, तिच्यावर डगमग दाखवणारा डायल लावायचा, चार जबड्यांच्या चकमध्ये किंवा स्पायडरमध्ये, म्हणजे स्क्रूंनी नळी धरणाऱ्या कड्यात, एकेक स्क्रू हलवत भोक अक्षावर आणायचं, तोंडाशीही आणि मागेही, आणि मगच आट्यांना हात घालायचा. आटे, खांदा आणि तोंडाची कड, तिन्ही एकाच धरणीत करायची. नळी काढून पुन्हा धरली की अक्ष गेला.

तोंडाची कड, तिला क्राउन म्हणतात, ती शेवटी करतात. गोळी नळी सोडते त्या क्षणी वायू तिच्याभोवती सगळीकडून एकदम सुटला पाहिजे. कडेला एक बारीक बर, म्हणजे कापताना उठलेला कंगोरा, राहिला तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढुशी देतो. आटे पाडताना उठलेला बर काढायला विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे.

ब्रेक बसवल्यावर मागून एक सरळ, मापाची सळई घालून ती ब्रेकच्या भोकातून चारी बाजूंना सारखी फट ठेवून बाहेर येते का, हे बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. कारागीर ते तुमच्यासमोर करत नसेल तर करून दाखवायला सांगा.

ब्रेक घ्यावाच का, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांना त्याची गरज नाही. .२२ ला धक्काच नसतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत मझल ब्रेकला बंदी आहे, त्यामुळे स्पर्धेच्या पोरांनी त्यावर पैसे घालवू नयेत. आणि त्याचा आवाज फार वाईट असतो. रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि असा आवाज १४० च्या वर गेला की एका बारातही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ब्रेक तो आवाज पुढून वळवून बाजूला आणि मागे आणतो. रेंजवर शेजारी झोपलेल्याला तो जास्त लागतो. जड काडतुसाची रायफल आणि नाजूक खांदा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही.

काम झाल्यावर

नळी परत ताब्यात घेताना गो आणि नो-गो, दोन्ही गेज तुमच्यासमोर घालून दाखवायला सांगा. गेज नेमक्या त्याच काडतुसाचे आहेत ना, हे त्यांच्यावर कोरलेलं असतं, ते वाचा. कागदावर कामाचा तपशील आणि नळीवर नंबर असेल तर तो लिहून घ्या, आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडून बघा.

पहिले काही बार परवानगी असलेल्या रेंजवरच, आणि प्रत्येक बारानंतर रिकामं कवच उचलून उन्हात फिरवून बघा. बुडाच्या जरा वर चकचकीत वलय, मानेला भेग, टोपीभोवती काळा धूर, यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबा आणि रायफल परत न्या. ब्रेक बसवलेला असेल तर ब्रेकवरून नळीवर, सांधा ओलांडत, एक बारीक पांढरी रेघ ओढून ठेवा. दहा बारांनंतर ती तपासा. दोन्ही अर्ध्या रेघा एका ओळीत नसतील तर ब्रेक फिरला आहे. तो हाताने मागे आणून पुन्हा बार काढू नका, सळई घालून अक्ष तपासल्याशिवाय त्या नळीतून गोळी जाता कामा नये.